कातळ्यांच्या गावची मावशी

आमच्या स्वयंपाकघरातला पाटा कातळी आहे. माळव्यातल्या ज्या मराठी घरात कातळी पाटा नाही, ते घर कालपरवा आले असे खुशाल समजावे, असे आमच्या सासूबाई म्हणत. या पाट्याला टाकी लावून पुन्हा खरबरीत करावे लागत नाही. सासूबाईंच्या सासूबाईंनी त्यावर चटण्या वाटल्या, त्यांनी वाटल्या, मी वाटते आहे, आणि तो अजून गुळगुळीत झालेला नाही. तो घडवणारे लोक विंध्याच्या उतरणीवरच्या एका दरीत राहतात हे मी लग्न होऊन देवासला आल्यापासून ऐकत होते. त्यांच्या गावी जाऊन राहीन असे मात्र कधी मनात आले नव्हते.

पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकांसाठी थोडे सांगते. कातळे हे कंबरेपर्यंत तुमच्या-आमच्यासारखे आणि कंबरेखाली नागासारखे. अंगावर बारीक खवले. डोळ्यांना पापण्या नाहीत, म्हणून नजर कधी लवत नाही. पहिल्यांदा पाहणारा दोन पावले मागे सरतो, हे मी नाकारत नाही. इकडचे लोक त्यांना ‘नागजी’ म्हणतात आणि हात जोडून वाट देतात. थंडीत ते दरीत झोपून असतात. होळीनंतर धारच्या हाटाला (आठवडी बाजाराला) पाटे, जाती आणि खल घेऊन येतात. त्यांना कान नाहीत. जमिनीतून जे येते तेच त्यांना ऐकू येते. तेव्हा त्यांच्याशी बोलायचे तर दोघांनी एकाच दगडावर हात ठेवून बोलायचे, म्हणजे आपला आवाज हाडांतून दगडात आणि दगडातून त्यांच्या हातात जातो. धारच्या बाजारात पाट्यावर हात ठेवून घासाघीस करणाऱ्या बायका पाहून नवखा माणूस चक्रावतो.

थावरीची आणि माझी ओळख अशीच एका पाट्यावर झाली. धारेला माझे धाकटे दीर, नानाभाऊजी, दरबारच्या नोकरीत. त्यांच्याकडे वर्षातून एकदा माझी फेरी असते, आणि गेले की चिंचेखाली बसणाऱ्या या कातळीणीपाशी तासभर बसायचे हे ठरलेले. ती मालवीत बोले, मी मराठीत, आणि दोघींचे छान चाले. संवत १९५६च्या, म्हणजे छप्पनच्या दुष्काळाला दोन-तीन वर्षे होऊन गेल्यावरची ही गोष्ट. त्या वैशाखात तिने सांगितले की तिची एकुलती लेक, रेवा, येत्या नागपंचमीला मोठी कात टाकणार. “बाई, थाँ आवजो,” म्हणजे तुम्ही या. त्यांच्याकडे बाहेरच्या माणसाला असे बोलावणे सहसा जात नाही.

घरी विचारले तेव्हा आमचे हे म्हणाले, लोक नागपंचमीला नागाला घरी बोलावतात, तू नागाच्या घरी चाललीस. एवढे बोलून ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले, म्हणजे परवानगी मिळाली.

श्रावण लागला त्याच दिवशी मी देवास सोडले. टेकडीवरच्या देवीला खालूनच हात जोडले, टांग्यात सामान चढवले. सामानात माझी नेहमीची दोन लुगडी, तिळाच्या तेलाची बाटली, शेगडी, कोळसे, तांब्याचे मोठे पातेले आणि त्यावरची चाळणी. नागपंचमीला आम्ही चिरत नाही, तवा ठेवत नाही, जमीन खणत नाही. पुरणाचे दिंड करून वाफवतो. नागाच्या गावी पंचमी करायची आणि दिंड करायचे नाहीत, हे मला पटणारे नव्हते. टांगेवाल्याने पातेले पाहून विचारले की बाईसाहेब जेवणावळ घालायला निघाल्या की काय.

इंदूरला मुक्काम करून धारेला पोचले. धारची तळी दरवर्षी श्रावणात काठोकाठ असतात. त्या वर्षी कडेचा चिखल वाळून भेगाळला होता. पाऊस दोन दिवस येऊन तोंड दाखवून गेला तो गेलाच. दुष्काळाची धास्ती अजून लोकांच्या अंगातून गेली नव्हती, बाजारात माणसे आभाळाकडे बघून बोलत. नानाभाऊजींनी रजा काढून ठेवली होती. ते अंगाने भक्कम, मनाने भित्रे आणि जेवणाचे शौकीन. “वहिनी, तुम्ही निघालाच आहात तर मला यायलाच हवं, दादांना काय तोंड दाखवू,” असे ते मोठ्या धीराने म्हणाले.

धारेहून पुढे बैलगाडी. गाडीवान गेंदालाल हा दरीच्या तोंडाशी नेहमी जाणारा आणि दगड आणणारा माणूस. एरवी श्रावणात माळव्याच्या काळ्या मातीत गाडी घालायची म्हणजे चाकाबरोबर बैलही खेचायचे, पण यंदा रस्ता खडखडीत होता. आमची सोय झाली खरी, पण त्याचा आनंद मानायला कोणाची जीभ रेटेना.

अमझेऱ्याला देवीच्या देवळाच्या ओवरीत उतरलो. रुक्मिणीचे हरण झाले ते इथूनच, असे अमझेऱ्याचे लोक ठासून सांगतात. आमच्या वऱ्हाडातल्या नातेवाइकांनी हे ऐकले तर काठ्या निघतील, म्हणून मी नुसतीच मान डोलावली. पुजाऱ्याच्या घरून दाल-बाफले आले. बाफला म्हणजे कणकेचा गोळा आधी उकडायचा, मग गोवऱ्यांवर भाजायचा आणि शेवटी तुपात बुडवायचा. भाऊजी तो खाऊन ओवरीच्या खांबाला टेकले ते संध्याकाळच्या आरतीलाच हलले. निघताना मी पुजारीणबाईंकडून लोटाभर दूध आणि लाह्या मागून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी. घाटाच्या तोंडाशी गाडी थांबली. पुढे नुसती उतरण, आणि उतरणीच्या सुरुवातीला एक सपाट काळी शिळा. तिच्याजवळ गेंदालालने आपल्या वहाणा काढल्या आणि भाऊजींच्या नाल ठोकलेल्या जोड्यांकडे बोट दाखवले.

“भिया, जूता उतारी लो. नागजी का गाम में जूता नी चले.”

भाऊजींनी काटेकुटे, विंचू अशी बरीच कारणे सांगितली. गेंदालाल शांतपणे म्हणाला की त्या जोड्यांनी चालणे म्हणजे नागजींच्या कानात ओरडणे. मग भाऊजी अनवाणी झाले. गेंदालाल शिळेवर वाकला आणि बोटांनी काहीतरी वाजवले. थोड्या वेळाने थावरी उतरणीवरून वर आली.

कातळ्यांचे गाव मी पाहिले आणि पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की सबंध गावात एकही पायरी नाही. दरीच्या दोन्ही अंगांना कोरलेल्या खोल्या, आणि एका खोलीतून दुसरीत जाणारे उतार, इतके घोटलेले की पाय घसरावा, पण घसरत नाही. आमच्या पाट्याचीच जात. कुठे बिजागरी नाही, घंटा नाही, भांड्याला भांडे लागत नाही. चूलही नाही, कारण त्यांना विस्तव लागत नाही. ते आठवड्यातून एकदा जेवतात. काय जेवतात ते मी विचारले नाही. माझा त्या दिवशी नागचतुर्थीचा उपास होता. पाहुणी जेवत नाही हे कळल्यावर गावात माझी पत एकदम वाढली. भाऊजी मात्र दुपारी दशम्या सोडून बसले आणि संध्याकाळी पुन्हा बसले, तेव्हा त्यांच्या भोवती पोरेबाळे जमून तो चमत्कार न लवणाऱ्या डोळ्यांनी पाहत राहिली.

गावची वडीलधारी म्हणजे जीजी. वयाने तिचे खवले पांढरे पडलेले. मी हळदकुंकू वाहिले आणि मोठ्या भक्तीने दुधाची वाटी पुढे केली. जीजीने वाटीकडे पाहिले, थावरीकडे पाहिले, आणि सगळे दूध पिऊन टाकले. तासाभराने ती उन्हातल्या दगडावर वेटोळे करून कण्हत पडली होती. थावरीने मला समजावले की कातळे अंड्यातून येतात, दूध त्यांच्या पोटाला ठाऊकच नाही. जीजीने पाहुणीचा मान राखला. जन्मभर दर पंचमीला मी नागाला दूध दाखवत आले, त्याचे काय होत असेल ते त्या दिवशी समजले.

त्यांच्या अंगात स्वतःची ऊब नसते. म्हणून सकाळी सारे गाव उन्हाच्या शिळांवर येते. ऊन दरीत थोडेच उतरते आणि पुढे सरकत जाते. पहिली जागा म्हाताऱ्यांची, मग अंड्यावरल्या बायकांची, मग ज्यांना काम आहे त्यांची. ऊन सरकले की सगळे सरकतात आणि ज्याच्या अंगात पुरेशी ऊब आली तो न सांगता उठतो. आमच्या गल्लीतल्या विहिरीवर घागरीची पाळी चुकली म्हणून दोन बायका अजून एकमेकींशी बोलत नाहीत. मला ते दृश्य पाहून फार बरे वाटले, आणि थोडी लाजही वाटली.

त्या चतुर्थीच्या दुपारीच थावरीने मला बहीण केले. गावाच्या मधोमध बोलण्याची मोठी शिळा आहे. तिच्यापाशी बसून तिने आपले दोन्ही हात माझ्या हातांत दिले. विहिरीतल्या कळशीसारखे गार हात. ते माझ्या उबेने गरम होईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग तिने शिळेवर माझे नाव वाजवले. त्यांची नावे तोंडाने घ्यायची नसतात, थापेने घ्यायची असतात. माझी थाप अशी: बोटाच्या दोन टिचक्या आणि मग तळहात दगडावरून घासत न्यायचा, तो एक लांब घास. तो घास म्हणजे ऊब. गावातल्या प्रत्येक खोलीतून तीच थाप परत आली. माझ्या पायांखालचा दगड माझे नाव घेत होता.

मला सख्खे भावंड नाही. भाऊ नाही म्हणून लहानपणापासून पाटावर चंदनाचा नाग काढून त्यालाच भाऊ मानत आले. काकू मी साताठ जणांची आहे, मामीही आहे. मावशी मला जन्मात कोणी म्हटले नव्हते. थावरी म्हणाली की रेवा बाहेर आली की पहिल्यांदा आईला पाहील आणि मग मासीला. मी रडले. थावरीने माझ्या गालावरचे पाणी बोटाने टिपून पाहिले, कारण त्यांना रडू येत नाही, आणि हे कोमट कसे, म्हणून तिला नवल वाटले.

रेवा तृतीयेपासूनच कात टाकायच्या खोलीत, कातघरात, होती; माझी थाप दगडातून तिलाही पोचली असणार. मी तिला पाहिले नव्हते. लहान मुले वरचेवर कात टाकतात, त्याचे काही नसते. वयात आल्यावर एकदा मोठी कात असते, डोळ्यांवरच्या पडद्यासकट. तेवढे दोन-तीन दिवस माणूस आंधळे असते आणि एकटे असते. आपल्यांपैकी कोणी त्याला हात लावायचा नाही, आईनेही नाही. आपल्या माणसाने ओढून काढलेला जन्म त्याच माणसाला बांधलेला राहतो, असे ते मानतात. म्हणून ज्याचे त्याने बाहेर यायचे. आणि हे सारे श्रावणात, पंचमीच्या सुमारास, कारण तेव्हा हवा ओली असते आणि वरचे लोक जमीन खणत नाहीत, दरीत शांतता असते. खणू नये हा आपला नेम मी आईच्या धाकाने पाळत आले. त्याचा कोणाला उपयोग होत असेल हे माझ्या कधी डोक्यात आले नव्हते.

पंचमी उजाडली. मी शेगडी पेटवून दिंडांचे पातेले चढवले. माझ्याभोवती बायका जमल्या होत्या. वाफ त्यांनी कधी पाहिली नव्हती, त्या हात पुढे करून ती हातावर घेत आणि तळहात ओला झाला की एकमेकींना दाखवत. अशात त्या सगळ्या एकदम थांबल्या आणि जमिनीला गाल लावून आडव्या झाल्या. मला काहीच ऐकू येत नव्हते. थावरीकडे पाहिले तर तिचे तोंड राखेसारखे झाले होते.

रेवाने अंग घासल्याचा आवाज सकाळपासून त्यांना जमिनीतून येत होता. तो आता थांबला होता.

हळूहळू मला कळले ते असे. पाऊस नाही, हवा कोरडी, त्यामुळे कात अर्ध्यावर सुकून अंगाला चिकटली. दुष्काळाच्या साली असेच एकाचे झाले होते. तो तिथेच भिंतीला हात लावून उभा होता, रेवाहून दोन-तीन वर्षांनी मोठा, दोन्ही डोळ्यांवर पिवळे कवच. कात सुटली नाही तर डोळे जातात, आणि गळ्याशी आवळली तर जीवही जातो. थावरी कातघराच्या तोंडाशी जाऊन बसली होती. आत पोर आणि बाहेर आई, मध्ये हातभर अंतर, आणि ती हात पुढे करत नव्हती.

माझ्यासमोर पातेल्यातून वाफ निघत होती. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालण्यात माझी हयात गेली आहे. डोक्याची खपली असो की अंगाची, ओली केली, तेल लावले, धीर धरला की सुटते, हे कोणीही बाई सांगेल. मी जीजीपुढे शिळेवर हात ठेवून म्हटले, “मला आत जाऊ द्या. मी सोडवते तिला.”

तिने विचारले, “थूँ कुण?”

मी म्हटले, तिची मावशी. आणि म्हणता म्हणताच माझ्या ध्यानात आले. आपल्या माणसाने हात लावायचा नाही. काल मला आपले माणूस केले होते.

जीजीने मग सगळे स्पष्ट सांगितले. थाप परत दिली तर मी परकी, आणि परक्याने हात लावू नये असा नियम नाही, कारण त्या वेळी कधी कोणी परके तिथे नसतेच. पण कातघर पाहिलेल्या परक्याला पुन्हा या गावात घेता येत नाही. थावरीने त्याच्याकडे बहीण म्हणून पाहायचे नाही, गावाने त्याचे नाव घ्यायचे नाही. थाप दिली थावरीने, तेव्हा परत घ्यायचीही तिनेच.

थावरी कातघराच्या तोंडाशीच होती. तिने शिळेवर हात टेकला.

“थाँ जाओ तो म्हारी छोरी देखेगी,” ती म्हणाली. “पण म्हारी बेन नी रेगी.”

मी म्हटले, “बहीण नसू दे. डोळे राहू देत.”

थाप परत द्यायची रीत अशी की हात झऱ्याच्या पाण्यात गार होईपर्यंत धरायचे. मी धरले. बोटे बधिर झाल्यावर थावरीने ती आपल्या हातात घेऊन पाहिली, ऊब गेल्याची खात्री केली, आणि शिळेवरून उलटा हात फिरवला. गावातून काहीच परत आले नाही. मग ती माझ्याकडे पाठ करून बसली.

भाऊजी एरवी उंबऱ्यातून उंदीर गेला तरी खाटेवर चढणारे. त्यांनी पेटती शेगडी उचलून कातघराच्या तोंडापर्यंत आणून दिली आणि झऱ्याचे पाणी आणीत राहिले. त्यांची मी आजवर जी थट्टा केली ती सगळी त्या दिवशी फिटली.

आत अंधुक उजेड होता. पोर भिंतीशी पडली होती. अंग दुधाळ पांढरे, डोळे तसेच. मी दिंड काढून ठेवले, पातेल्यात पाणी भरले, दारावर एक लुगडे बांधले आणि खोली वाफेने भरू दिली. दुसरे लुगडे कढत पाण्यात भिजवून पिळले आणि तिच्या अंगावर टाकले. ती दचकून आक्रसली. मी तळहात तिच्या पाठीवर ठेवला आणि उचलला नाही. माझे हात तोवर पुन्हा गरम झाले होते. थोड्या वेळाने तिनेच पाठ त्या हाताखाली सरकवली.

ओठाच्या कडेला कात सुटलेली होती. तिथे तेल लावून सुरुवात केली. घाई केली असती तर खालची नवी कातडीही निघाली असती. लुगडे गार झाले की पुन्हा कढत करायचे, पुन्हा टाकायचे, बोटभर सोडवायची. गळ्याखाली आल्यावर ओली चोळी अंगातून काढावी तशी ती उलटी होऊन येऊ लागली, आणि खालून हिरवट काळे नवे अंग दिसले, असे लखलखीत की मी क्षणभर हात थांबवून पाहत बसले. कितीतरी सुंदर गोष्टी पाहिल्या आहेत, पण याहून सुंदर नाही. डोळे मुद्दाम शेवटी ठेवले. डाव्यावरचा पडदा तेलाने सहज निघाला, तो डोळा मी लगेच ओल्या लुगड्याच्या टोकाने झाकला. उजव्याचा निघेना. पोर थरथरू लागली. तिला ऐकू येत नव्हते, म्हणून मी माझी हनुवटी तिच्या कपाळाला टेकली आणि बाळांना न्हाऊ घालताना म्हणतो तसले काहीतरी गुणगुणू लागले. ते हाडांतून तिच्यापर्यंत गेले असावे, कारण ती शांत झाली. किती वेळ तशी बसले होते देव जाणे. ओल्या बोटाखाली कधीतरी पडदा सरकला.

तिने प्रथम परक्याला पाहू नये, हे मला कोणी सांगितले नव्हते, पण सांगायची गरज नव्हती. मी लगेच लुगड्याची ओली घडी तिच्या दोन्ही डोळ्यांवर ठेवली, तिचे हात त्या घडीवर ठेवले आणि बाहेर आले. थावरीला काही बोलायची मला मुभा नव्हती. मी नुसती बाजूला झाले. ती माझ्याकडे न पाहता आत सरकली.

थोड्या वेळाने जमिनीवर वाकलेल्या साऱ्या बायका एकदम ताठ झाल्या, आणि आंधळा माणूस भिंतीला डोके टेकून हसू लागला. त्यावरून मी काय ते समजले.

आम्ही लगेच निघालो. निरोप द्यायला कोणी आले नाही. उताराच्या दोन्ही बाजूंना कातळे उभे होते, तोंडे भिंतीकडे वळवून. परक्याला पाहायचे नाही, तर पाहत नव्हते. पण प्रत्येकाचा एक हात जमिनीला टेकलेला होता. ते माझी पावले ऐकत होते. मी वरपर्यंत सावकाश, पाय नीट टेकवत गेले. दिंड तिथेच राहिले. त्यांचे कोणी काय केले असेल कोण जाणे, जीजीने मान राखायला खाल्ले नसले म्हणजे झाले.

घाट चढून गाडीत बसल्यावर भाऊजींनी जोडे पायात घातले नाहीत, मांडीवर घेऊन बसले. अमझेऱ्याला गेंदालाल बैल सोडताना एवढेच म्हणाला, “बाई साब, दुख तो होयगो.” दुःख होणारच. मला त्याचे फार बरे वाटले, कारण दुसरा कोणी असता तर तुम्ही किती पुण्य केलेत असे म्हणाला असता.

देवासला परतल्यावर लोकांनी कातळ्यांविषयी खोदून विचारले. ते चावतात का, त्यांच्याकडे मणी असतो का. मी सांगत असे की तिथे उन्हासाठी भांडण होत नाही, आणि पाहुणीचे मन राखायला एक म्हातारी दूध पिऊन आजारी पडते. ऐकणाऱ्यांना मण्यात जास्त रस असे. त्यांचा नियम निष्ठुर नाही का, असेही काहींनी विचारले. मला तसे वाटले नाही, आजही वाटत नाही. हातभर अंतरावर मरणारी लेक असताना जे लोक आपला शब्द मोडत नाहीत, त्यांनी एकदा बहीण म्हटले होते, याची किंमत मला पुरती कळली होती. फक्त काकू अशी हाक आली की मी ओ द्यायला थोडा उशीर करू लागले होते, हे आमच्या ह्यांच्याही लक्षात आले.

होळीनंतर धारेला गेले. हाटाचा दिवस होता. जायचे नाही असे ठरवले होते, पण पाय तिकडेच वळले. चिंचेखाली थावरी होती. तिच्याशेजारी एक तरुण कातळीण, हिरवट काळी, मोठ्या स्वच्छ डोळ्यांची. ती डोळ्यांनी सगळा बाजार पिऊन घेत होती. थावरीची नजर माझ्यावरून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेली, मी नसल्यासारखी.

मी गिऱ्हाईक म्हणून बसले. गिऱ्हाइकाला मनाई नव्हती. समोरच्या पाट्यावर, पारखायला ठेवतात तसा, तळहात ठेवला. पोरीचा हात पाट्याच्या दुसऱ्या टोकाला होता. ती एकदम स्तब्ध झाली. मग तो हात सरकत आला आणि माझ्या हाताखाली शिरून तिथेच थांबला, गरम होईपर्यंत. माझा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. आता पाहिला, आणि बोटाने पाट्यावर वाजवले. दोन टिचक्या, एक लांब घास.

ते नाव घ्यायचे नाही हे मला ठाऊक होते. मी घाबरून थावरीकडे पाहिले आणि हळूच म्हटले, “पोरी, तुझ्या आईनं सोडलंय ते.”

“बई ने बेन छोड़ी,” रेवा म्हणाली. “मने तो मासी नी छोड़ी. मूँ तो तब जनमी बी नी थी.”

आईने बहीण सोडली, मी मावशी सोडलेली नाही, मी तेव्हा जन्मलेही नव्हते. थावरीची मान दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेली होती ती वळलेलीच राहिली. तिचा हात मात्र त्याच पाट्यावर टेकलेला होता.